स्वयंपाकघरातली बालवाडी

दोन-अडीच वर्षांचे मूल घरात सर्वांत जास्त कशाच्या मागे लागत असेल, तर ते कामाच्या. केर काढणाऱ्याच्या हातातला झाडू त्याला हवा असतो, मळलेल्या कणकेतला एक गोळा हवा असतो आणि बादलीत बुडवलेले फडके तर हवेच असते. बहुतेक घरांत या मागणीचे उत्तर ठरलेले असते. 'तू जा बरं तिकडे, खेळ जा,' असे म्हणून त्याच्यापुढे प्लास्टिकची भातुकली किंवा मोबाइल ठेवला जातो आणि काम झटपट उरकले जाते. तेच मूल दहा वर्षांचे झाले, की 'स्वतःचे ताटसुद्धा उचलत नाही' ही तक्रार सुरू होते. ज्या वयात मुलाला काम करायचे असते त्या वयात आपण ते करू देत नाही. आणि ज्या वयात त्याने काम करावे असे आपल्याला वाटू लागते, तोवर त्याची हौस विझून गेलेली असते.

यात नुकसान केवळ घरातल्या मदतीचे होत नाही. मोजणे, जुळवणे, क्रम लावणे, वस्तूंची आणि क्रियांची नावे शिकणे, बोटांवर ताबा मिळवणे या साऱ्या गोष्टी घरकामात आयत्या मिळतात. त्याच गोष्टी शिकवण्यासाठी पुढे आपण महागडी खेळणी, चित्रांचे तक्ते आणि शिकवण्या शोधत फिरतो. घरातल्या कामांतून मूल नेमके काय शिकते, कोणत्या वयात त्याच्याकडे काय सोपवावे आणि कोठे थांबावे, याचा विचार म्हणूनच करायला हवा.

रोमपासून कोसबाडपर्यंत

लहान मुलांच्या शिक्षणात रोजच्या कामांना मानाचे स्थान देण्याचे मोठे श्रेय डॉ. मारिया मॉन्टेसरी यांना जाते. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह सुरू केले. तेथील मुले टेबल मांडत, जेवण वाढत, धूळ पुसत, हात धूत. ही कामे लुटुपुटीची नसत. मुलांच्या उंचीला आणि हाताला झेपतील अशी, पण खरीखुरी भांडी त्यांना दिली जात. वस्तू फुटू शकते हे कळले, की मूल ती जपून धरायला आपोआप शिकते, हे त्यामागचे तत्त्व होते. मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. या काळात त्यांनी भारतातील अनेक शिक्षकांना प्रशिक्षण दिले.

त्यापूर्वीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे बालशिक्षणाचे काम उभे केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने जे काम केले, ते महाराष्ट्राला परिचित आहे. महागडी लाकडी साधने आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. तेव्हा या दोघींनी शिंपले, खडे, बिया, पाने अशा भोवताली मिळणाऱ्या वस्तूंना शिक्षणाची साधने बनवले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच शाळाच कुरणात नेली. १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या 'नयी तालीम'च्या मुळाशीही हातांनी केलेले उपयुक्त काम हेच शिक्षणाचे माध्यम व्हावे, हा विचार होता.

मुलाच्या भोवती जे आहे, त्यातूनच त्याचे शिक्षण सुरू होते, हे या परंपरेचे सार आहे. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरातही डबे, वाट्या, डाळी, कपडे आणि चिमटे यांची वाण नसते.

मदतीची ओढ उपजत

लहान मूल कामात लुडबुड करते, ती केवळ खोडी म्हणून नव्हे. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दीड वर्षाच्या मुलांसमोर एका अनोळखी मोठ्या माणसाची अडचण उभी केली. त्याच्या हातातली वस्तू खाली पडे आणि हाती येत नसे, किंवा दोन्ही हात भरलेले असल्याने त्याला कपाटाचे दार उघडता येत नसे. कोणी सांगितले नसताना, बक्षिसाची आशा नसताना बहुतेक मुले त्याच्या मदतीला गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. मदतीबद्दल ज्या मुलांना वस्तू बक्षीस दिली गेली, ती मुले नंतर बक्षिसाविना मदत करण्यात इतरांपेक्षा मागे पडली.

बार्बरा रोगॉफ या मानसशास्त्रज्ञ मेक्सिकोतील मूलनिवासी समाजांच्या अभ्यासातून याच निष्कर्षाला पूरक असे निरीक्षण नोंदवतात. तेथे लहान मुलांना कामापासून दूर ठेवले जात नाही. ती पाहतात, जमेल तसा हात लावतात आणि मोठी होता होता न सांगता घरच्या कामांत सहभागी होतात. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांत आणि गावच्या अंगणात हीच पद्धत कालपरवापर्यंत होती. शेंगा फोडायला बसलेल्या आजीभोवती मुलांचे कोंडाळे असे, आणि त्याला कोणी शिकवणी म्हणत नसे.

कुकरची शिट्टी आणि गणित

एक ते शंभर आकडे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला 'सहा चमचे आण' म्हटले तर ते ओंजळभर चमचे आणते, असा अनुभव अनेक पालकांना येतो. आकडे म्हणणे आणि मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका वस्तूला एकच आकडा, ही 'एकास एक संगती' समजल्यावरच मोजणे खऱ्या अर्थाने सुरू होते, आणि ती समजण्यासाठी पाने मांडण्याइतके चांगले काम नाही. घरात चार माणसे, म्हणून चार ताटे, प्रत्येक ताटापाशी एक वाटी आणि एक पेला. आज मामा जेवायला आहे, मग आणखी किती ताटे लागतील? येथे बेरीज वहीत लिहिलेली नसते, तिची घराला गरज असते. उत्तर चुकले, तर कोणाला तरी ताट मिळत नाही आणि चूक मुलाच्या स्वतःच्याच लक्षात येते.

'तिसरी शिट्टी झाली की सांग' असे सांगून पाहावे. मूल दुसऱ्या खोलीत खेळत असले, तरी कान कुकरकडे ठेवते आणि न दिसणारी, हाती न धरता येणारी गोष्ट मोजायला शिकते. डब्यातली शेवटची पोळी वाढून झाल्यावर 'आता किती उरल्या?' या प्रश्नाने शून्य भेटते. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणे म्हणजे वर्गीकरण, वाट्या लहान-मोठ्या क्रमाने एकात एक बसवणे म्हणजे क्रमवारी. टॉवेलची घडी घालताना अर्धा आणि त्याचा अर्धा करून पाव होतो. मराठीत तर अपूर्णांकांना स्वतंत्र शब्दच आहेत : पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. भाकरी अर्धी असते, चतकोर असते. हे शब्द शाळेच्या पुस्तकात येण्यापूर्वी ताटात आले, तर अपूर्णांकाची भीती पुष्कळशी कमी होते.

मोजमापात घाई मात्र करू नये. रुंद वाटीतले पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतले, की चार-पाच वर्षांचे मूल 'आता पाणी जास्त झाले' असे ठामपणे सांगते. जीन पियाजे यांनी दाखवून दिल्याप्रमाणे या वयात ते स्वाभाविकच असते. आकार बदलला तरी प्रमाण तेच राहते, ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते. तेथे 'चूक' म्हणून समजावत बसण्यापेक्षा पाणी पुन्हा वाटीत ओतू द्यावे. अनेकदा ओतून पाहिल्यावर त्याचे ते उमगते.

क्रियापदांचा खजिना

घरकामाचा सर्वांत दुर्लक्षित लाभ भाषेचा आहे. मराठी स्वयंपाकघर क्रियापदांनी समृद्ध आहे. भाजी निवडायची, मेथी खुडायची, मटार सोलायचा, गाजर किसायचे, काकडी कोचवायची, पीठ चाळायचे, धान्य पाखडायचे, कणीक तिंबायची, पोळी लाटायची, भाकरी थापायची, वेलदोडे कुटायचे, चटणी वाटायची. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या आणि घरी 'कट कर', 'मिक्स कर' एवढेच ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर हे शब्द पडतच नाहीत. शब्द पाठ करून येत नाहीत. ते हाताबरोबर येतात. ज्याने पीठ चाळले आहे आणि तांदूळ पाखडताना पाहिले आहे, त्याला चाळणे आणि पाखडणे यांतला भेद सांगावा लागत नाही.

विशेषणांचेही तसेच. दोरीवरचा कपडा ओला आहे, ओलसर आहे, दमट आहे, की कोरडा झाला? कणीक सैल आहे, की घट्ट? पाणी गार, कोमट, की कढत? असे बारकावे तक्त्यावर दाखवता येत नाहीत. काम करता करता मोठ्यांनी सहज बोलत राहावे, एवढेच पुरे असते. 'आधी देठ काढायचं, मग पानं परडीत टाकायची' या एका वाक्यात दोन पायऱ्यांची सूचना आहे आणि ती ध्यानात ठेवण्याचा सरावही आहे. काम झाल्यावर 'आजीला सांग, आपण कोशिंबीर कशी केली' असे म्हटले, की घटना क्रमाने सांगण्याचे, म्हणजे पुढे निबंधात लागणारे कौशल्य आकार घेऊ लागते.

पेन्सिलीच्या आधीचा हात

तीन वर्षांच्या मुलाला अक्षर गिरवायला बसवणारे पालक त्याच्या बोटांच्या तयारीचा विचार क्वचितच करतात. अंगठा आणि पहिली दोन बोटे यांच्या चिमटीत पेन्सिल धरायची असते. ही चिमूट घडते ती मेथीची पाने खुडताना, गवार मोडताना, दोरीवर चिमटे लावताना, रांगोळी सोडताना. डब्याचे फिरकीचे झाकण उघडताना मनगट वळायला शिकते. लाटणे फिरवताना दोन्ही हात एकाच दाबाने चालवावे लागतात. ओले फडके पिळताना दोन हात परस्परविरुद्ध दिशांना फिरवावे लागतात. टेबल पुसताना डावीकडून उजवीकडे पुसण्याची सवय लावली, तर वाचनाची दिशाही हाताला ओळखीची होते.

आणि कुतूहल? रात्री भिजत घातलेली मटकी सकाळी फुगते, फडक्यात बांधली की तिला मोड येतात. साखर पाण्यात दिसेनाशी होते, रवा मात्र तळाशी बसतो. तूप थंडीत थिजते, उन्हाळ्यात पातळ होते. दुधाला विरजण लावून दुसऱ्या दिवशी पाहण्याची उत्सुकता, हा विज्ञानाचा पहिला धडा आहे. 'का?' या प्रश्नाला लगेच उत्तर न देता 'तुला काय वाटतं?' असे विचारून पाहिले, तर तो धडा अधिक मोलाचा होतो.

कोणत्या वयात काय?

पुढील वाटणी ढोबळ आहे. मूल आणि घर पाहून ती मागेपुढे करावी.

दीड ते तीन वर्षे : खेळणी टोपलीत टाकणे, मळके कपडे बादलीत टाकणे, सांडलेले पाणी फडक्याने पुसणे, कोथिंबिरीची पाने वेगळी करणे, धुतलेले चमचे एकेक करून हाती देणे.

तीन ते चार वर्षे : मोज्यांच्या जोड्या लावणे, रुमालांच्या घड्या घालणे, लहान तांब्याने झाडांना पाणी घालणे, मटार सोलणे, केळ्याची साल काढणे, ताटाशेजारी पेले ठेवणे.

चार ते पाच वर्षे : सर्वांची पाने मांडणे, डाळ-तांदूळ वाटीने मोजून धुणे, पीठ चाळणे, कणकेच्या गोळ्याची लहानशी पोळी लाटणे, दोरीवर चिमटे लावणे, चपला जागेवर ठेवणे.

पाच ते सात वर्षे : लिंबाचे सरबत किंवा कोशिंबीर कालवणे, उकडलेले बटाटे सोलणे, आपल्या अंथरुणाची घडी घालणे, किराणा सामानाच्या यादीतले शब्द वाचणे व लिहिणे, दुकानात पैसे देऊन सुटे मोजून घेणे, स्वतःचा डबा विसळणे.

सणांच्या दिवसांत ही यादी आपोआप वाढते. दिवाळीत शंकरपाळ्यांच्या चौकटी, करंजीचा अर्धगोल आणि चकलीची वेटोळी हे तर भूमितीचे प्रदर्शनच असते.

मोठ्यांनी पाळायची पथ्ये

पहिले पथ्य असे, की काम खरे असावे. मुलाने सोललेला मटार त्याच दिवशीच्या उसळीत पडला पाहिजे. त्याने लाटलेली वेडीवाकडी पोळी भाजून कोणीतरी आनंदाने खाल्ली पाहिजे. त्याला नुसते गुंतवून ठेवण्यासाठी दिलेले काम मूल चटकन ओळखते.

दुसरे, सांगण्यापेक्षा दाखवावे. सावकाश, कमी बोलून एकदा करून दाखवावे आणि मग हात मागे घ्यावा. छोटे पोळपाट-लाटणे, लहान तांब्या, आखूड दांड्याचा झाडू आणि उभे राहायला न डगमगणारा पाट एवढ्या साधनांनी निम्मे काम सोपे होते.

तिसरे, मुलाने घातलेली घडी त्याच्यादेखत उलगडून पुन्हा घालू नये. त्याचा अर्थ 'तुझे काम कामाचे नाही' असा होतो. पाणी सांडले, तर रागावण्याऐवजी फडके कोठे आहे ते दाखवावे. पुसणे हा त्याच कामाचा पुढचा भाग.

चौथे, प्रत्येक कामाला चॉकलेट किंवा पैसे लावू नयेत. 'शाब्बास'चा मारा करण्याचीही गरज नाही. 'तू पानं मांडलीस म्हणून आज सगळे वेळेवर जेवायला बसलो,' हे वाक्य पुष्कळ असते.

पाचवे, कामाची परीक्षा करू नये. 'हे किती? तो रंग कोणता?' अशी सरबत्ती सुरू झाली, की स्वयंपाकघराचा वर्ग होतो आणि मूल तेथून पळ काढते.

या सगळ्याला वेळ लागतो, हे खरे आहे. नोकरीला निघण्याच्या घाईत, सकाळी साडेसातला चार वर्षांच्या मुलाकडून पोळी लाटून घेणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. संध्याकाळची पंधरा मिनिटे किंवा रविवारची सकाळ, आणि ठरावीक असे एकच काम, एवढ्याने सुरुवात होते. मुलाचा हात संथ असतो. तेवढी मिनिटे त्याच्या गतीने चालू द्यावी लागतात.

मुलगा, मुलगी आणि कामवाली मावशी

केंद्र सरकारच्या २०१९ मधील वेळ-वापर पाहणीनुसार, सहा वर्षांवरील ८१ टक्के स्त्रिया घरातील विनामोबदला कामे करत होत्या. पुरुषांचे प्रमाण होते सुमारे २६ टक्के. काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर पुरुषांचा ९७ मिनिटे. ही विषमता मोठेपणी अचानक जन्म घेत नाही. मुलीच्या हाती लाटणे आणि मुलाच्या हाती चेंडू देतानाच तिचे बी पेरले जाते. मुलग्यालाही तीच कामे द्यावीत. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाबांना ओटा पुसताना, भांडी विसळताना त्याने रोज पाहावे.

ज्या घरात केर-भांड्यांना मावशी येतात, त्या घरातले मूल काम म्हणजे दुसऱ्याने करायची गोष्ट असे समजून बसण्याचा धोका असतो. आपले ताट आपण उचलणारे आणि घरातला पसारा आवरणारे मूल मावशींच्या कष्टांकडेही वेगळ्या नजरेने पाहते. श्रमाची प्रतिष्ठा पाठ्यपुस्तकातल्या धड्याने येत नाही, ती या सवयीतून येते.

मर्यादा आणि दक्षता

काम शिक्षण ठरते ते थोडे, झेपणारे आणि स्वेच्छेचे असेल तोवरच. युनिसेफ वापरत असलेल्या निकषांनुसार ५ ते १४ वर्षांच्या मुलाने आठवड्याला २१ तास किंवा त्याहून अधिक घरकाम केले, तर ते बालमजुरीत मोडते. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी शाळा सोडणारी मुलगी घरकामातून शिकत नसते. तिचे शिक्षण हिरावले जात असते. आपल्या मुलाला हौसेने पोळी लाटायला देताना, आपल्याकडे काम करणाऱ्या मावशींची मुलगी शाळेत जाते ना, ही विचारपूसही सुजाण घराने करावी. खेळ, गोष्टी आणि झोप यांची जागा कामाने घेऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड नको. पेटता गॅस, गरम तेल, उकळते पाणी, मिक्सर आणि इस्त्री यांपासून या वयातील मुलांना दूरच ठेवावे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मटार हे लहानग्यांच्या घशात किंवा नाकात अडकू शकतात. असे काम करताना मोठ्या माणसाने शेजारी बसावे. पाण्याने भरलेल्या बादलीपाशी एक-दोन वर्षांच्या मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. फिनेल, ॲसिड यांसारखी द्रव्ये शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्यांत भरू नयेत आणि मुलांच्या हाती लागतील अशी ठेवू नयेत. मिरची हाताळलेले हात लगेच साबणाने धुवावेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला असून खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे. शाळा त्याप्रमाणे बदलायला वेळ लागेल. घराला मात्र कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. आज संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी निवडायला घ्याल, तेव्हा वर्तमानपत्राचा एक कागद जास्त पसरा. जुडीतल्या चार काड्या आपल्या चिमुकल्या मदतनिसापुढे ठेवा, आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागू द्या.